'एक' म्हणजे किती? अपूर्णांक, ऋण संख्या आणि मापांची रूपांतरे

अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांची वजाबाकी आणि मापांचे रूपांतर हे विषय शालेय पुस्तकांत तीन स्वतंत्र प्रकरणांत येतात आणि बहुतेक मुले तीन वेगवेगळे नियम म्हणून ते पाठ करतात. अपूर्णांक आले की लसावि काढायचा, दोन वजा चिन्हे शेजारी आली की अधिक करायचे, मोठ्या मापातून लहान मापात जाताना गुणायचे. हे नियम बरोबरच आहेत. परंतु परीक्षा संपल्यावर ते एकमेकांत मिसळतात, आणि मग चांगला शिकलेला माणूसही सातबाऱ्यावरचे क्षेत्र एकरांत सांगताना किंवा फवारणीच्या औषधाचे प्रमाण काढताना अडखळतो. माझ्या मते या तिन्ही प्रकरणांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो कोणत्याही आकडेमोडीच्या आधी विचारायला हवा: समोरच्या हिशेबात 'एक' कशाला म्हटले आहे?

खानदेशात हा प्रश्न रोज उभा राहतो. शेताचे बोलणे एकर-गुंठ्यांत होते, पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. रावेर-यावलची केळी बागेतून क्विंटलच्या भावाने जाते आणि जळगावच्या बाजारात हातगाडीवर डझनाने विकली जाते. कापूस क्विंटलने मोजला जातो, तर त्यातून निघालेल्या रुईचा भाव खंडीने सांगितला जातो. एकाच वस्तूला दोन ठिकाणी दोन वेगळे 'एक' असतात, आणि हिशेबातली चूक बहुधा एका 'एका'वरून दुसऱ्यावर जाताना होते.

अपूर्णांक: छेद हे मापाचे नाव

३/४ एकर या लिखाणात दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या आहेत. खालचा ४ हा छेद सांगतो की एका एकराचे चार सारखे भाग केले असून त्यातला एक भाग, म्हणजे पाव एकर, हे आपले माप आहे. वरचा ३ हा अंश सांगतो की ते माप तीन वेळा घेतले आहे. म्हणजे छेद हे मापाचे नाव झाले आणि अंश ही त्या मापाने केलेली मोजणी झाली. एवढे पक्के ध्यानात आले की बेरजेत छेद का मिळवायचे नाहीत, हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन किलो आणि दोन किलो मिळून पाच किलो होतात. किलो काही दुप्पट होत नाही.

१/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना लगेच लसावि सांगण्यापेक्षा ते उत्तर तपासायला लावावे. २/५ ही संख्या अर्ध्यापेक्षा लहान आहे. मग अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर ते कमी कसे झाले? ही विसंगती मुलाला स्वतःला दिसली की पुढचे सोपे होते. आता केळीचा डझन घेऊ. अर्धा डझन म्हणजे ६ केळी, डझनाचा तिसरा हिस्सा म्हणजे ४ केळी, एकूण १० केळी. डझनाच्या हिशेबात ते १०/१२, म्हणजेच ५/६ झाले. आपण इथे 'अर्धा' आणि 'तिसरा हिस्सा' ही दोन न जुळणारी मापे बाजूला ठेवली आणि दोन्ही ज्यात पूर्ण मोजता येतील असे लहान माप, एक केळे, घेतले. समच्छेद करणे म्हणजे हेच. लसावि काढताना आपण दोन्ही हिश्श्यांना नेमके मोजणारे सर्वांत मोठे सामाईक माप शोधत असतो. १/२ आणि १/३ साठी ते १/६ आहे, म्हणजे दोन केळ्यांची जोडी.

शेतीच्या मापात हेच अधिक सहज होते. पाऊण एकर आणि एकराचा दोन पंचमांश यांची बेरीज कागदावर ३/४ + २/५ अशी दिसते. एका एकरात ४० गुंठे असल्यामुळे पहिला तुकडा ३० गुंठ्यांचा आणि दुसरा १६ गुंठ्यांचा; एकूण ४६ गुंठे, म्हणजे १ एकर ६ गुंठे. पुस्तकी रीतीने छेद २० करून १५/२० + ८/२० = २३/२० येते, आणि एकराचा विसावा भाग म्हणजे २ गुंठे असल्यामुळे २३ × २ = ४६ गुंठे हेच उत्तर मिळते. ज्या घरात जमिनीचे बोलणे रोज होते, त्या घरातल्या मुलाला समच्छेदाची रीत शाळेत येण्याआधीच अर्धीअधिक येत असते. ती त्याच्या ध्यानात आणून देणे हे शिक्षकाचे काम आहे. वजाबाकीचे याहून वेगळे काही नाही, म्हणून तिच्यावर थांबत नाही.

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत असत. ते गेल्याची हळहळ पुष्कळांना वाटते, आणि ती रास्त आहे. पाउणकी येणाऱ्या दुकानदाराला 'सात पाऊण सव्वापाच' म्हणायला क्षणभरही लागत नसे. मात्र पाढा उत्तर देतो, उत्तर का बरोबर आहे ते सांगत नाही. दोन्ही हवे.

गुणाकार करताना 'चा, ची, चे' हा प्रत्यय डोळ्यांसमोर ठेवावा. पाऊण एकर जमिनीचा दोन तृतीयांश हिस्सा म्हणजे २/३ × ३/४ = ६/१२ = १/२ एकर. गुंठ्यांत पाहा: ३० गुंठ्यांचे तीन वाटे १०-१० गुंठ्यांचे, त्यातले दोन म्हणजे २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर. इथे 'एक' बदलला आहे, ही खरी समजण्याची गोष्ट. ३/४ मध्ये 'एक' म्हणजे एक एकर होता. २/३ मध्ये 'एक' म्हणजे ते संपूर्ण ३० गुंठे आहेत. म्हणूनच गुणाकारासाठी समच्छेद लागत नाही, आणि म्हणूनच एकाहून लहान अपूर्णांकाने गुणल्यावर उत्तर लहान होते, जे पाहून अनेक मुले गोंधळतात.

हिश्श्याच्या हिश्श्याचे सर्वांत सुंदर उदाहरण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे, आणि त्याचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाने 'लीलावती'त बेरीज-वजाबाकी शिकवण्याआधी मापांची कोष्टके दिली आहेत: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. मापे आधी आणि आकडेमोड नंतर, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्या उदाहरणात एका कंजूष माणसाने याचकाला दान दिले आहे. किती? अर्ध्या द्रम्माच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या हिश्श्याच्या सोळाव्या हिश्श्याचा चौथा हिस्सा. घाबरण्यासारखे काही नाही. १/२ × २/३ × ३/४ करताना वरचा २ खालच्या २ ला आणि वरचा ३ खालच्या ३ ला जातो आणि १/४ उरतो. पुढे १/४ × १/५ × १/१६ × १/४ म्हणजे १/१२८०. आता कोष्टक पाहा: एका द्रम्मात १६ × ४ × २० = १२८० कवड्या असतात. म्हणजे त्या दानशूराने दिली फक्त एक कवडी! अपूर्णांकांचा गुणाकार आणि मापांचे रूपांतर एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ज्याने आधी कोष्टक नीट पाहिले आहे त्यालाच शेवटच्या १२८० चा अर्थ कळतो.

भागाकार: उरलेले कशाचे उरले?

अपूर्णांकाने भागायचे असेल तर त्याला उलटा करून गुणायचे, हा नियम सर्वांना आठवतो, पण तो का चालतो हे क्वचितच सांगितले जाते. एका बचत गटाच्या महिलांनी ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याचे साडेचार किलो पीठ तयार केले आहे आणि पाऊण किलोच्या पिशव्या भरायच्या आहेत. किती पिशव्या होतील? दोन्ही वजने पाव किलोत मोजू. साडेचार किलो म्हणजे १८ पाव, एका पिशवीत ३ पाव; १८ ÷ ३ = ६ पिशव्या. माप दोन्हीकडे एकच झाल्यामुळे त्याचे नाव गळून पडले आणि साधा भागाकार राहिला. ९/२ ÷ ३/४ = ९/२ × ४/३ = ३६/६ = ६ ही रीत म्हणजे याच विचाराचा आखूड रस्ता आहे: ४ ने गुणून आपण किलोंचे पाव केले आणि ३ ने भागून पिशव्या केल्या.

आता पीठ पाच किलो आहे असे समजा. ५ ÷ ३/४ = ५ × ४/३ = २०/३ = ६ २/३. इथे 'सहा पिशव्या भरल्या आणि दोन तृतीयांश किलो पीठ उरले' असे उत्तर पुष्कळ जण देतात, आणि ते चूक आहे. सहा पिशव्यांत ६ × ३/४ = ४ १/२ किलो पीठ गेले; उरले अर्धा किलो. मग २/३ कुठून आले? ते दोन तृतीयांश पिशवीचे आहेत. अर्धा किलो म्हणजे २ पाव, पिशवी ३ पावांची, म्हणून सातवी पिशवी दोन तृतीयांश भरली. भागाकाराच्या उत्तरात 'एक' म्हणजे एक पिशवी झालेली असते. किलो मागे राहिलेला असतो. मला वाटते की अपूर्णांकांच्या सगळ्या प्रकरणात ही जागा सर्वांत अधिक समजून घेण्याची आहे, आणि शाळेत तिच्यावर सर्वांत कमी वेळ जातो.

ऋण संख्या: शून्य कुठे ठेवले?

ऋण संख्येत माप तेच राहते, फक्त एक गोष्ट अधिक ठरवावी लागते: शून्य कुठे आणि कोणती बाजू धन. केळीच्या पट्ट्यात भूजल खोल जाण्याची चिंता जुनी आहे, म्हणून विहिरीचेच उदाहरण घेऊ. जमिनीची पातळी शून्य धरू आणि वरची दिशा धन मानू. दिवाळीच्या सुमारास पाणी ४० फुटांवर होते, म्हणजे −४०. मे महिन्यात ते ९५ फुटांवर गेले, म्हणजे −९५. दोन्हींत लहान संख्या कोणती? −९५, कारण ती शून्याच्या अधिक खाली आहे. ९५ हा आकडा मोठा दिसतो म्हणून −९५ ला मोठी संख्या म्हणण्याची चूक सर्रास होते. बोलताना आपण 'पाणी ९५ फुटांवर गेले' म्हणतो तेव्हा खोली सांगत असतो, पातळी सांगत नसतो, आणि त्यामुळे हा घोटाळा होतो.

पातळीत फरक किती पडला? नंतरच्यातून आधीचे वजा करायचे: −९५ − (−४०). वजा चाळीस वजा करणे म्हणजे चाळीस मिळवणे, म्हणून −९५ + ४० = −५५. पातळी ५५ फूट उतरली; उत्तरातले वजा चिन्ह उतरल्याची खूण आहे. पावसाळ्यात पाणी ६२ फूट वर चढले तर −९५ + ६२ = −३३, म्हणजे पाणी ३३ फुटांवर आले.

'वजाची वजाबाकी म्हणजे अधिक' हे उधारीच्या हिशेबात सर्वांत लवकर पटते. किराणा दुकानात आपल्या नावावर ८०० रुपये बाकी आहेत, म्हणजे आपली स्थिती −८००. दुकानदाराने त्यातली जुनी ५०० रुपयांची नोंद खोडली. खोडणे ही वजाबाकी, आणि खोडलेली वस्तू कर्ज, म्हणजे −५००. −८०० − (−५००) = −३००. खिशात एक पैसाही आला नाही, तरी माणूस ५०० रुपयांनी वर आला. धन आणि ऋण यांचे हे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच ग्रंथरूपाने मांडले होते, आणि तेव्हापासून आपण त्या संख्यांना व्यवहारातल्या याच नावांनी ओळखतो.

दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, याला मात्र कर्जाचे उदाहरण ताणून बसवावे लागते. तिथे पुन्हा विहिरीकडे वळलेले बरे. उन्हाळ्यात पाणी दर आठवड्याला ५ फूट उतरत आहे, म्हणजे बदलाचा वेग −५. आजपासून तीन आठवड्यांनंतर बदल (−५) × ३ = −१५. आणि तीन आठवड्यांपूर्वी? पुढचा काळ धन धरला तर मागचा काळ ऋण, म्हणून (−५) × (−३). पाणी रोज उतरत आले असेल तर तीन आठवड्यांपूर्वी ते आजच्यापेक्षा १५ फूट वर असणारच. म्हणून उत्तर +१५. आज −९५ असेल तर तेव्हा −९५ + १५ = −८० होते. नियम कोणी मनाने ठरवलेला नाही. तो तसा नसता तर विहिरीचा हिशेबच जुळला नसता.

अपूर्णांक आणि वजा चिन्ह एकत्र आले की एक विशिष्ट चूक होते, तिच्याकडे लक्ष वेधतो. −२ १/२ + ३/४ सोडवताना मुले २ वेगळे ठेवतात, १/२ आणि ३/४ मिळवून १ १/४ करतात आणि −२ + १ १/४ = −३/४ असे उत्तर काढतात. पण −२ १/२ मधले वजा चिन्ह दोन आणि अर्धा या दोघांवरही आहे. ते −२ − १/२ आहे. म्हणून आधी सगळे पाव करावेत: −१०/४ + ३/४ = −७/४ = −१ ३/४. तसेच (−३)² म्हणजे ९, पण −३² म्हणजे −९, कारण दुसऱ्यात वर्ग फक्त तीनचा आहे. कंसाला कमी लेखू नये.

रूपांतर: एकाने गुणणे

कोणत्याही संख्येला एकाने गुणले तर किंमत बदलत नाही. १ एकर आणि ४० गुंठे हे एकच असल्यामुळे '१ एकर भागिले ४० गुंठे' हा अपूर्णांकही एक आहे. ९५ गुंठ्यांना त्याने गुणले की वरचा 'गुंठे' खालच्या 'गुंठे'ला जातो आणि ९५/४० एकर, म्हणजे २ ३/८ एकर उरतात. गुणायचे की भागायचे हे पाठ करण्याची गरजच नाही. मापांची नावे आकड्यांसोबत लिहिली आणि नको असलेले नाव कापले जाईल अशा बाजूला अपूर्णांक ठेवला की पुरे. मुले नावे गाळून केवळ आकडे लिहितात, आणि तिथेच घात होतो.

इथे दशांश चिन्हाविषयी सावध राहिले पाहिजे. २ ३/८ एकर दशांशात २.३७५ होतात, पण गुंठ्यांत तेच क्षेत्र २ एकर १५ गुंठे आहे. ते कागदावर '२.१५ एकर' असे लिहिलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. २.१५ एकर म्हणजे २ एकर ६ गुंठे. नऊ गुंठे जमीन एका टिंबाने नाहीशी झाली. टिंबानंतरचे आकडे दहाच्या पटीत उतरतात आणि एकर चाळीस गुंठ्यांचा आहे, म्हणून हे जुळत नाही. सव्वादोन तासही याच कारणाने २.१५ तास नसतात, २.२५ असतात, आणि साडेपाच फूट म्हणजे ५ फूट ६ इंच, ५ फूट ५ इंच नव्हे.

सातबाऱ्यावर याची उलट बाजू दिसते. हेक्टरात बरोबर १०० आर असल्यामुळे १ हेक्टर ५ आर हे १.०५ असे लिहिता येते आणि ते दशांशातही खरे ठरते. मात्र मधले शून्य गाळून कोणी १.५ लिहिले तर त्याचा अर्थ १ हेक्टर ५० आर होतो. आता दोन्हींचे गुंठे करू. १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७१ एकर, म्हणजे जवळपास ९८.८४ गुंठे. १.०५ हेक्टर म्हणजे साधारण १०३.८ गुंठे, अर्थात २ एकर २४ गुंठ्यांना किंचित कमी. १.५ हेक्टर म्हणजे सुमारे १४८.३ गुंठे, अर्थात ३ एकर २८ गुंठ्यांहून थोडे जास्त. एका शून्याने ४४ गुंठ्यांहून अधिक, म्हणजे एकरापेक्षाही जास्त जमिनीचा फरक पडला. उताऱ्यावर चौरस मीटरसाठी तिसरा भाग असतो, उदाहरणार्थ १.०५.००, तिथली टिंबे मापे वेगळी करण्यासाठी आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

क्षेत्रफळाचे रूपांतर लांबीच्या रूपांतराहून वेगळे असते. १ मीटर म्हणजे सुमारे ३.२८ फूट, पण १ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, कारण दोन्ही बाजू ३.२८ पट झाल्या. गुंठा हा ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणून ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट; आणि अशा ४० चौरसांचा एकर ४३,५६० चौरस फुटांचा.

फवारणीत तर मापाची चूक पिकावर आणि खिशावर दोन्हीकडे उमटते. समजा एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकावर हेक्टरी ४०० मिली औषध ५०० लिटर पाण्यात मिसळावे असे आहे. लिटरमागे ४००/५०० = ०.८ मिली, म्हणून १५ लिटरच्या पंपाला १२ मिली. कोणी 'हेक्टरी' हा शब्द नजरेआड करून तेच ४०० मिली एकरभर शेतात वापरले, तर एकराला लागणाऱ्या सुमारे १६२ मिलीऐवजी जवळजवळ अडीचपट औषध पडते. आकडा वाचला, 'एक' वाचला नाही.

कापसाच्या भावात याहूनही सूक्ष्म गोष्ट आहे. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, आणि ती रुईची असते, शेतातून आलेल्या कापसाची नसते. समजा खंडीचा भाव ५३,४०० रुपये आहे; मग रुई ५३,४०० ÷ ३५६ = १५० रुपये किलो पडली. यावरून क्विंटलभर कापसाचे १५,००० रुपये व्हायला हवेत असा हिशेब कोणी मांडला तर तो फसेल. जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग रुई निघते आणि बाकीचे वजन मुख्यतः सरकीचे असते. क्विंटलात ३४ किलो रुई धरली तर तिचे ५,१०० रुपये, आणि सरकीची किंमत वेगळी मिळवायची. इथे वजनाचे रूपांतर पुरेसे नाही. 'एक किलो कशाचा' हेही विचारावे लागते.

वेगाची रूपांतरे त्या मानाने सरळ आहेत, कारण त्यांत दोन मापे एकामागून एक बदलायची असतात एवढेच. भुसावळहून सुटलेली गाडी ताशी ९० किलोमीटरने धावत असेल, तर ९० × १००० मीटर ÷ ३६०० सेकंद = सेकंदाला २५ मीटर; ३०० मीटर लांबीची गाडी खांबासमोरून १२ सेकंदांत निघून जाईल. पावसाचा हिशेबही सोपा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. ६० चौरस मीटरच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर १५०० लिटर पाणी पडले, आणि तेवढाच पाऊस एकरभर, म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर शेतावर झाला तर लाखभर लिटर.

तापमानाचे रूपांतर मात्र या सर्वांहून वेगळे आहे, कारण तिथे मापाचा आकार बदलतो आणि शून्याची जागाही बदलते. पाणी गोठते ते तापमान सेल्सिअसमध्ये ० आणि फॅरनहाइटमध्ये ३२ असते, आणि सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या ९/५ अंशांएवढा असतो. म्हणून सेल्सिअसला ९/५ ने गुणून ३२ मिळवायचे. जळगावात मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअस तापमान झाले तर ते ४५ × ९/५ + ३२ = ८१ + ३२ = ११३ अंश फॅरनहाइट. पण तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले असे म्हटले तर ती वाढ १८ अंश फॅरनहाइटची. तिथे ३२ मिळवायचे नाहीत, कारण फरकाला शून्य कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसते.

उलट दिशेने जाताना आधी ३२ वजा करायचे आणि मग ५/९ ने गुणायचे. हा क्रम बदलला तर उत्तर चुकते. अमेरिकेत शिकायला गेलेला मुलगा जानेवारीत फोनवर सांगतो, 'आई, इकडे आज १४ आहे.' जळगावात बसलेल्या आईला ती आपल्याकडच्या हिवाळ्यातली नेहमीची थंडी वाटते. पण तिकडे तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. १४ − ३२ = −१८; −१८ × ५/९ = −९०/९ = −१०. शून्याखाली दहा अंश सेल्सिअस. त्या दिवशी जळगावात १४ अंश सेल्सिअस असेल, तर दोन्ही ठिकाणच्या तापमानांतला फरक १४ − (−१०) = २४ अंश.